गैरहजर माणसाचा वाटा

७ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६
आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.
फाब्रीसला जाऊन पाच दिवस झाले. तीन महिन्यांचं काम आहे, ला रोशेलच्या बोटयार्डात पंप बसवायचे. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत. जाड जॅकेट नेलेलं नाही, खुंटीवर आहे. जाड जॅकेट ठेवून जाणारा माणूस परत येतोच. (ऐन जानेवारीत ते का नेलं नाही, हा प्रश्न वेगळा. तिकडे ऊन असतं.)
आज राजांचा सण, म्हणजे गालेत, बदामाचं सारण भरलेला गोल केक. बेकरीत दोघांपुरती गालेत संपली होती, चौघांची घेतली. चार तुकडे केले, त्यातला एक फाब्रीसचा म्हणून बाजूला ठेवला. आमच्या बंदरात जुन्या कोळी घरांत हे होतंच. माणूस समुद्रावर असला की त्याचा वाटा कपाटात जपून ठेवायचा. बुरशी लागली नाही तर माणूस खुशाल. लागली तर मेणबत्ती लावायची. फाब्रीस समुद्रावर नाही, बोटयार्डात आहे. पण पाणी तेच.
माझा तुकडा खाल्ला. आत लपवलेली चिनी मातीची बाहुली निघाली नाही. ती ज्याला मिळेल तो त्या वर्षाचा राजा.

९ जानेवारी, मंगळवार
म्युझियम बंद, मला सुट्टी. उरलेले दोन तुकडे खाल्ले, एक सकाळी, एक दुपारी. बाहुली नाही. म्हणजे ती फाब्रीसच्या वाट्यात आहे. म्हणजे यंदाचा राजा तोच! फोन करून सांगितलं. म्हणाला, अरे वा, आणि मग गिझरचं बटन कुठल्या बाजूला फिरवायचं ते समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. काळजी करतो.
ठराव. एक, इंग्लिश शिकायचं, उन्हाळ्यात फेरीबोटीने इंग्रज येतात. दोन, बाथरूमला रंग. तीन, आपण होऊन फोन करायचा नाही, तो करेल.

१० जानेवारी
मी फोन केला. गिझरचं विचारायला.

१७ जानेवारी, बुधवार
घरात ओल फार. कपाटातल्या पावावर हिरवा ठिपका दिसला, पाव लगेच फेकला. तुकडा शेजारच्याच फळीवर. अजून कोरा आहे, पण असं किती दिवस चालणार?
उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं.
म्युझियममध्ये वरच्या मजल्यावर, काचपेटी नंबर सात: ‘गैरहजर माणसाचा वाटा’. बशी, मेणबत्ती, निळी लोकरी जर्सी, आणि प्लास्टरचा गालेतचा तुकडा, कुणा शाळामास्तरांनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेला. जर्सी फाब्रीसच्या आजीने विणलेली. पेटीत हवा कोरडी राखतात, वर्षभर. किल्ली काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि काउंटरवर गेली चौदा वर्षं मी.
दुपारी कुणी नव्हतं. प्लास्टरचा काढला, खरा ठेवला. अदलाबदल कळत नाही. उलट आता जास्त चांगला दिसतो. प्लास्टरचा स्टेपलरशेजारी ठेवलाय.
तसं पाहिलं तर मी म्युझियमचा दर्जा वाढवला.

११ फेब्रुवारी, रविवार
रोज लिहायचं राहिलं. आता लिहिते.
त्याचा फोन आला! खोली बदलली. यार्डाचं ऑफिस सांभाळणाऱ्या कोरीनबाईंकडे एक खोली रिकामी होती. जेवणही तिथेच. शहाणपणाचं केलं, बाहेरचं खाऊन त्याचं पोट बिघडतं. मी म्हटलं, त्यांचे माझ्या वतीने आभार मान हं. मग म्हणाला, ओदील, तू फार चांगली आहेस.
बावीस वर्षांच्या संसारात असं कधी म्हणाला नव्हता. दूर गेल्याने माणसं जवळ येतात, हे कुठेतरी वाचलं होतं ते खरं.
तुकडा: उत्तम.

२४ फेब्रुवारी, शनिवार
अनिसेकाकांनी ओळखलं.
हे काका एकोणऐंशीचे. तरुणपणी कॉड मासा पकडायला न्यूफाउंडलंडपर्यंत जायचे, आता बुधवार-शनिवार आमच्याकडे फुकट येतात आणि मुलांना दोराच्या गाठी शिकवतात. आज मी सात नंबर पुसत होते, दार उघडं. मागून म्हणाले, काय ओदील पोरी, प्लास्टरला लोण्याचा वास कधीपासून यायला लागला?
मी म्हटलं, संवर्धनाचा प्रयोग आहे.
म्हणाले, हो का, मग माझ्या आईला विद्यापीठात घ्यायला हवं होतं.
आणि जिन्यात बसून सांगितलं. बाप समुद्रावर गेला तेव्हा ते नऊ वर्षांचे. आईने वाटा कपाटात ठेवला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, तुकडा ताजाच. शेजारणी बघायला यायच्या. आई दर शनिवारी गुपचूप नवा भाजायची. घरात बदाम नव्हते, साधं पीठच. पोरांना सगळं माहीत होतं, कुणी बोललं नाही. भूक लागली तरी त्या कपाटाकडे बघायचंसुद्धा नाही.
मी विचारलं, मग वडील?
म्हणाले, नाही आले. तुकडा जूनपर्यंत ताजा होता.
वाईट वाटलं. पण आमची गोष्ट वेगळी आहे. त्या बिचारीकडे कोरड्या हवेची पेटी नव्हती. आणि फाब्रीसचा रोज नसला तरी मेसेज येतो.

३१ मार्च, रविवार. ईस्टर
काम जूनपर्यंत वाढलं. पंप खूप आहेत.
इंग्लिश: ‘माइंड युअर हेड’ पाठ. आमचं म्युझियम म्हणजे हेरिंग माशांना धुरी देण्याची जुनी इमारत, दारं बुटकी. आज चार जणांना म्हटलं. तिघं फ्रेंच होते, आदळले.
बाथरूमचा रंग आणलाय. डबा फाब्रीसने उघडलेला बरा, त्याला हत्यारं माहीत आहेत.

२० एप्रिल, शनिवार
फाब्रीस आला!!
दोन तास. गाडी न्यायला आला, तिकडे बस सोयीची नाही. आधी म्युझियममध्येच आला, घराची किल्ली त्याच्याकडे नव्हती. कुठे ठेवली विचारलं तर म्हणाला, बघतो. काउंटरसमोर उभा राहिला, पाहुण्यासारखा. मला हसू फुटलं. आमच्याकडे पिनकोड विचारल्याशिवाय तिकीट निघत नाही, नगरपालिकेला आकडे लागतात. गावातल्यांना प्रवेश मोफत. त्याला काय विचारायचं? शहात्तरने सुरू होणारा आमचा पिनकोड दाबला, तिकीट काढून हातात दिलं. म्हटलं, घ्या महाराज. त्याने घडी करून खिशात ठेवलं.
म्हटलं, वर चल, सात नंबर बघ, तुझं काहीतरी आहे. म्हणाला, आता नको, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी! म्हणजे पुढची वेळ आहे.
घरून हत्यारांची पेटी आणि कॉफीचं मशीन नेलं. जॅकेट तिथेच. मी मुद्दाम आठवण केली नाही.
अनिसेकाका म्हणाले, पोरी, माणूस हत्यारं नेतो तेव्हा... मी म्हटलं, काका, तुमची मुलं वाट बघतायत.

१४ मे, मंगळवार
बंद, तरी मादाम प्रूव्होंनी बोलावलं. त्या आमच्या प्रमुख. किड्यांसाठी लावलेल्या चिकट सापळ्यांची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. सात नंबरखालच्या सापळ्यात अकरा किडे. बारीक, तपकिरी, केसाळ अळ्या वेगळ्या.
मादाम म्हणाल्या, हे आले कुठून?
मी म्हटलं, शाळेची मुलं. बिस्किटं खातात.
पेटी उघडली. जर्सीच्या डाव्या कोपराला भोक, एक युरोच्या नाण्याएवढं.
तुकड्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. तो अगदी जसाच्या तसा. कडा सोनेरी, वर रेघा. मी मनात म्हटलं, बघा, तुकड्याला काही झालेलं नाही. मग मादामनी बशी सरकवायला हात घातला आणि त्याला बोट लागलं.
तो बसला. आवाजही झाला नाही. आत काहीच नव्हतं, नुसतं वरचं कवच आणि भुसा. भुशात चिनी मातीची बाहुली. बाहुली म्हणजे छोटी निळी बोट होती.
मादाम म्हणाल्या, हे खाण्याचं आहे.
मी म्हटलं, असं दिसतंय खरं.
उद्या सगळं सांगायचं. ठरलं.

१५ मे, बुधवार
सांगायला गेले. अनिसेकाका आधीच आत उभे होते. म्हणत होते, मीच ठेवला, बाईसाहेब. आईची आठवण आली. म्हातारा झालोय, डोकं चालत नाही.
मादाम म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.
काका बाहेर आले आणि मला म्हणाले, तोंड मिट, माशी जाईल.
आता लगेच खरं सांगणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. तो त्यांचा अपमान झाला असता. योग्य वेळ बघून सांगेन.
जर्सी दोन आठवडे मासळीबाजाराच्या शीतगृहात, उणे तीसमध्ये. म्हणजे आतल्या अळ्या मरतात. दोन्ही बाजूंना टर्बो माशांचे खोके, मध्ये आजीची जर्सी.
सापडलेली निळी बोट मादामनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर लिहिलं: मूळ अज्ञात.

१६ मे
रात्रभर विचार केला. प्रथेत बुरशीचा उल्लेख आहे, किड्यांचा नाही. बुरशी मुळीच नव्हती, मी स्वतः पाहिलं. म्हणजे फाब्रीस खुशाल आहे.
बरं वाटलं.

९ जून, रविवार
फोन नाही, तीन आठवडे. पंपांचा सीझन.
मादामनी काकांना उन्हाळाभर येऊ नका म्हणून सांगितलंय. मुलं विचारतात, गाठीवाले आजोबा कुठे? मी ‘सुट्टीवर’ सांगते.

१४ जुलै, रविवार
राष्ट्रीय दिनाची आतषबाजी गॅलरीतून दिसली. शेजारच्या बाईंनी खालून हाक मारली, ओदील, एकटी काय बसलीस, ये खाली! मी ओरडून म्हटलं, एकटी नाही, फोनची वाट बघतेय.
फोन नाही आला. तिकडेही आतषबाजी असणार.

२ ऑगस्ट, शुक्रवार
दोन गोष्टी.
पहिली. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची यादी लागली. दरवर्षी समुद्राच्या आशीर्वादाची मिरवणूक संपली की अनिसेकाका धक्क्यावर गाठी दाखवतात. यादीत त्यांचं नाव नाही, कुणा कंपनीचा फुगवायचा किल्ला आहे. मी सरळ मादामच्या खोलीत गेले आणि सांगितलं. तुकडा माझा, किडे माझे, भोकही माझंच.
त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ओदील, अनिसेला बदाम चालत नाहीत. तीस वर्षं ओळखते मी त्याला, ओठ सुजतात त्याचे. तू कधी येतेस याची मी अडीच महिने वाट बघत होते.
मी म्हटलं, मग त्यांना काढलं का?
म्हणाल्या, तू येईनास म्हणून.
यादीत नाव परत घातलं. मला लेखी समज. ती ठीक आहे.
संध्याकाळी काकांच्या घरी गेले. दार उघडून म्हणाले, सांगितलंस ना? आता माझा थोरपणा गेला वाया. मग वाइन ओतली. जाताना म्हणाले, पोरी, आई जूनमध्ये थांबली हं. एका शनिवारी भाजलंच नाही. त्या दिवशी आम्ही सगळे खूप जेवलो.
दुसरी गोष्ट. मेसेज. ‘१५ ला येतोय. बोलायचं आहे.’
बोलायचं आहे! फाब्रीसला! मी कितीदा म्हटलंय, आपण बोललं पाहिजे, आणि तो म्हणायचा, बोलतोय की.

१४ ऑगस्ट, बुधवार
तयारी. चादरी बदलल्या. त्याची बिअर. हॅम, जाड कापलेलं. बाथरूम अखेर मीच रंगवलं, दोन कोट, डबा चमच्याने उघडला. जॅकेट उन्हात घालून ब्रश केलं. थंडी दूर आहे, पण तयार असलेलं बरं.
सात नंबरमध्ये प्लास्टरचा तुकडा परत गेलाय, जर्सी रफू होऊन आलीय. ती निळी बोट मी मादामकडून मागून घेतली. पिशवीवरचं ‘मूळ अज्ञात’ खोडलं नाही. उद्या तिकिटासोबत त्याच्या हातात ठेवायची. राजा तू होतास, असं म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. बरं वाटतं कानाला.

१५ ऑगस्ट, गुरुवार. रात्री ९
क्रमाने लिहिते.
मिरवणूक, बँड, फुलांनी सजवलेल्या बोटी, बुडालेल्यांसाठी पाण्यात पुष्पचक्र. मग सगळं गाव म्युझियममध्ये, कारण सावली आणि टॉयलेट. साडेतीनला दारापर्यंत रांग. पिनकोड, पिनकोड, पिनकोड. सगळे शहात्तर. बोटं आपोआप चालत होती.
मान वर केली तर फाब्रीस.
भरलाय. उन्हाने लाल झालाय, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलीत. जिन्याशेजारी गाठी दाखवणारे अनिसेकाका मोठ्याने म्हणाले, बरा दिसतोस रे, चांगलं खायला घालतायत वाटतं! फाब्रीस लाजला. खुशाल आहे तो. अगदी खुशाल. तुकड्याने खोटं सांगितलं नव्हतं.
मी तोपर्यंत शहात्तर दाबून तिकीट काढलंही होतं. मोफत, एक. दुसरा हात खिशात, बोटीवर.
म्हणाला, ओदील, दोन हवीत.
त्याच्या मागे एक बाई होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, माझ्याहून मोठ्या. केस पांढरे, न रंगवलेले, पायात साध्या चपला. म्हणाल्या, मी कोरीन. आवाज चांगला आहे. मला कुणीतरी तरुण अपेक्षित होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मला कुणीतरी अपेक्षित होती.
फाब्रीस हळूच म्हणाला, आणि पिनकोड सतरा. सतरा हजार, ला रोशेलचा. नोंद बरोबर असावी ना तुमची.
तो नियमाला धरून आहे, पहिल्यापासून.
मग म्हणाला, उद्या सकाळी घराच्या वाटणीसाठी नोटरीकडे वेळ घेतलीय, तुला चालेल ना? मी फोनवर सांगणार होतो. दर वेळी सांगणार होतो, पण तू गिझरचं विचारायचीस.
मागून कुणीतरी म्हणालं, अहो, गप्पा नंतर मारा, पोराला शू लागलीय.
मी म्हटलं, दोघं वर जाऊन या. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. कोरीनबाई वाकल्या. फाब्रीस आदळला. बावीस वर्षं आदळतोय.
पंधरा मिनिटांनी खाली आले. कोरीनबाईंचे डोळे ओले होते. म्हणाल्या, ती सात नंबरची प्रथा किती सुंदर आहे हो. तुकडा खरा आहे का?
मी म्हटलं, नाही, प्लास्टर. खरा ठेवला तर किडे लागतात.
फाब्रीसने विचारलं, आजीच्या जर्सीच्या कोपराला काय झालं?
जुनी आहे, म्हटलं.
जाताना तो म्हणाला, जॅकेट दान करून टाक, तिकडे लागत नाही. निळी बोट माझ्या खिशातच राहिली.
पण हे नंतरचं. त्याआधी, ते वर गेले तेव्हा, काउंटरवर ते पहिलं तिकीट पडलं होतं. शहात्तर, मोफत, एक. ते रद्द करावं लागतं, नाहीतर संध्याकाळी आकडे जुळत नाहीत. रद्द करताना मशीन कारण विचारतं. तीनच पर्याय आहेत: पाहुण्याने विचार बदलला. छपाईत बिघाड. काउंटरवरची चूक.
पहिल्यावर बोट नेलं. पण त्याने विचार आज बदललेला नव्हता. दुसऱ्यावर नेलं. छपाई स्वच्छ होती.
रांग थांबली होती. तिसरं दाबलं.
मशीनने विचारलं, नक्की?
हो.